विद्यापीठाच्या संग्रहालयात पहिल्यांदा जाताना

विद्यापीठाच्या आवारात कुठेतरी ‘संग्रहालय व कलादालन’ अशी पाटी असते. ती वाचून पुष्कळ जण तसेच पुढे जातात. आत विद्यार्थ्यांनाच सोडत असतील, आपल्याला त्यातलं काय कळणार, कुणी हटकलं तर काय सांगायचं, असल्या शंका मनात असतात. मीही एकेकाळी असाच पाटीपासून मागे फिरलो आहे. पुढे कळलं की बहुतेक विद्यापीठांची संग्रहालयं सगळ्यांसाठी उघडी असतात. शिवाय तिथे गर्दी कमी. एका चित्रासमोर अर्धा तास उभे राहिलात तरी ‘जरा सरका’ म्हणणारं कुणी नसतं. मोठ्या राष्ट्रीय संग्रहालयांत हे सुख फारसं मिळत नाही.

मात्र इथली प्रदर्शनं थोडी वेगळ्या तऱ्हेने बघावी लागतात, कारण या वस्तू मुळात शिकवण्यासाठी गोळा झालेल्या असतात. ऑक्सफर्ड विद्यापीठाचं अ‍ॅशमोलियन संग्रहालय १६८३ साली उघडलं, तेव्हा इमारतीच्या वरच्या मजल्यावर संग्रह होता, मधल्या मजल्यावर व्याख्यानांची जागा होती आणि तळघरात रसायनशाळा. वर वस्तू बघा, मध्ये त्याबद्दल ऐका, खाली जाऊन करून पाहा, असा तो जिना होता. कोलकाता विद्यापीठाचं आशुतोष संग्रहालय १९३७ साली सुरू झालं आणि लवकरच विद्यापीठ स्वतः बंगालमधल्या बाणगड या प्राचीन स्थळी उत्खनन करू लागलं. खणणारे, अभ्यासणारे आणि मांडणारे एकाच आवारातले.

त्यामुळे इथलं प्रदर्शन म्हणजे कुणीतरी मांडलेला मुद्दा असतो आणि काचपेटीतल्या वस्तू हे त्याचे पुरावे. मुद्दा हाती लागला की बाकीचं उलगडत जातं. तो लागला नाही तर दीड तास नजर फिरवून नुसते पाय दुखतात. खाली जे काही सांगतो आहे ते तो मुद्दा कसा शोधायचा, आणि शोधल्यावर त्याच्याशी दोन हात कसे करायचे, याबद्दल आहे.

१. निघण्याआधी

आधी काय चालू आहे ते बघा. साधारणपणे दोन गोष्टी असतात. एक, कायमस्वरूपी दालनं, जी वर्षानुवर्षं थोड्याफार फरकाने तशीच राहतात. दुसरं, तात्पुरती प्रदर्शनं, जी काही आठवडे किंवा महिने असतात आणि मग उतरवली जातात. पहिल्या भेटीसाठी एकच तात्पुरतं प्रदर्शन निवडा. कायमची दालनं कुठे पळून जात नाहीत.

तारखा नीट वाचा. एक प्रदर्शन उतरवून दुसरं लावायला दोन-तीन आठवडे सहज जातात आणि तेवढा काळ दालन बंद असतं. मी एकदा लांबचा प्रवास करून गेलो, तर आत फक्त शिडी, लाकडी खोकी आणि रंगाचे डबे. दुसरी गोष्ट विद्यापीठाच्या वेळापत्रकाची. सत्रांमधल्या सुट्ट्या, परीक्षा, दीक्षान्त समारंभ, या काळात संग्रहालयाच्या वेळा बदलतात आणि संकेतस्थळावर ते लगेच दिसेलच असं नाही. फोन करून विचारलेलं बरं.

प्रदर्शनात कागदावरची चित्रं, जलरंग, जुनी छायाचित्रं किंवा कापड असेल तर ‘पुढच्या वेळी बघू’ म्हणू नका. प्रकाशाने रंग उडतात आणि उडालेला रंग परत येत नाही. म्हणून अशा वस्तूंवर ५० लक्सच्या (लक्स हे प्रकाश मोजायचं एकक) आसपासच प्रकाश ठेवतात. तैलचित्रांना २०० लक्सपर्यंत चालतो. एवढं करूनही कागदी वस्तू तीन-चार महिने दाखवून झाल्या की पुढची काही वर्षं अंधाऱ्या कपाटात विश्रांती घेतात. दालनात शिरल्यावर ‘इतका अंधार का?’ असं वाटलं तर हे कारण. डोळ्यांना पाच मिनिटं द्या, ते सरावतात.

प्रकाश काय करू शकतो, याचं सगळ्यांत बोलकं उदाहरण हार्वर्डचं आहे. मार्क रॉथकोने विद्यापीठाच्या एका भोजनकक्षासाठी प्रचंड आकाराची चित्रं केली. ती १९६४ साली तिथे लागली. खोलीला मोठमोठ्या खिडक्या होत्या, आणि रॉथकोने वापरलेल्या रंगांत लिथॉल रेड नावाचा लाल होता, जो उन्हात टिकत नाही. किरमिजी चित्रं फिकट निळसर पडत गेली आणि १९७९ साली ती कोठारात गेली. २०१४ साली ती पुन्हा प्रदर्शनात आली तेव्हा मूळ चित्रांवर रंगाचा एक ठिपकाही लावला नव्हता. समोरून प्रोजेक्टरने मोजूनमापून रंगीत प्रकाश असा टाकला होता, की उडालेला रंग तेवढ्यापुरता परत दिसावा. आणि रोज दुपारी चार वाजता प्रोजेक्टर बंद करत. त्या क्षणी चित्रं पुन्हा विझत. माझ्या मते त्या प्रदर्शनातली सर्वांत हुशारीची गोष्ट ते बटण बंद करणं ही होती. विद्यापीठाचं संग्रहालय स्वतःची चूकसुद्धा अभ्यासाचा विषय करू शकतं, ते असं.

२. बरोबर काय न्यायचं

पेन्सिल आणि छोटी वही. पेन नको, बऱ्याच दालनांत चालत नाही, अभ्यासकक्षात तर अजिबातच नाही. पाठीवरची सॅक सामानघरात ठेवा किंवा पोटावर घ्या, कारण वळताना ती आपल्या लक्षात राहत नाही आणि शेजारच्या काचपेटीला आदळते.

बुटाच्या नाड्या बांधा. हसू नका. २००६ च्या जानेवारीत केंब्रिजच्या फिट्झविल्यम संग्रहालयात एक पाहुणा जिन्यावर सुटलेल्या नाडीत पाय अडकून पडला आणि खिडकीच्या कठड्यावर ठेवलेल्या तीन मोठ्या चिनी फुलदाण्यांचा चुरा झाला. चीनच्या छिंग राजवटीतल्या त्या फुलदाण्या तुकडा तुकडा जोडून पुन्हा उभ्या केल्या गेल्या, त्याला बराच काळ लागला.

फोटोचं म्हणाल तर फ्लॅश कुठेच नाही, आणि दुसऱ्या संग्रहातून उसन्या आणलेल्या वस्तूंचे फोटो बहुधा काढू देत नाहीत. लेबलजवळ तशी खूण असते. ती दिसली नाही तर विचारा.

३. दारातला फलक

प्रदर्शनाच्या तोंडाशी एक मोठा फलक असतो, दीड-दोनशे शब्दांचा. लोक इथेच पहिली चूक करतात. एक तर तो वाचतच नाहीत, किंवा उत्साहाने पूर्ण वाचतात आणि पहिल्या वस्तूपाशी पोचेपर्यंत विसरतात. उपाय सोपा आहे. फलक वाचा आणि त्याचं एक वाक्य करून वहीत लिहा. वाक्य प्रश्नार्थक झालं तर उत्तम. ‘या शहरातल्या कुंभारांनी परदेशी निळा रंग का उचलला?’ किंवा ‘हा चित्रकार म्हातारपणी इतकी छोटी चित्रं का काढू लागला?’ असं काहीतरी.

प्रश्न निघतच नसेल तर तेही लिहून ठेवा. सगळी प्रदर्शनं चांगली नसतात. काही वेळा कुणीतरी आपला प्रबंध कापून भिंतीवर चिकटवलेला असतो, आणि फलकावर जड शब्दांची इतकी गर्दी असते की त्यात वस्तूचा पत्ताच लागत नाही. अशा वेळी दोष स्वतःकडे घेऊ नका. फलक तसाच सोडून वस्तूंकडे जा.

फलकाच्या तळाशी बारीक अक्षरांत नावं असतात. क्युरेटर (म्हणजे प्रदर्शन आखणारा आणि मांडणारा) कोण, कुठल्या विभागाचं सहकार्य, पैसा कुणाचा, वस्तू कुणाच्या. ही श्रेयनामावली आवर्जून बघा. वनस्पतिशास्त्र विभागाने लावलेलं फुलांच्या चित्रांचं प्रदर्शन आणि कला-इतिहास विभागाने लावलेलं त्याच चित्रांचं प्रदर्शन, ही दोन वेगळी प्रदर्शनं होतात. आणि एखाद्या संग्राहकाच्या वस्तू त्याच्याच देणगीतून दाखवल्या जात असतील, तर त्यांच्याविषयी कडक शब्द भिंतीवर दिसण्याची शक्यता कमी, एवढं ध्यानात ठेवायचं.

४. पहिली फेरी, काही न वाचता

आता एक फेरी मारा, दहा मिनिटांची. लेबलांकडे बघायचं नाही. फक्त कुठे काय आहे, वाट कशी वळते, भिंतींचा रंग कुठे बदलतो ते बघायचं. रंग बदलला की बहुतेक वेळा मुद्द्याचा नवा भाग सुरू होतो. एखादी वस्तू एकटीच मोठ्या भिंतीवर असेल तर मांडणाऱ्याच्या दृष्टीने ती महत्त्वाची. दोन वस्तू नको इतक्या जवळ असतील तर त्यांची तुलना करा असं तुम्हाला सुचवलं जातं आहे.

फेरी संपेपर्यंत तीन वस्तू निवडा. फार तर पाच. निवडीला कारण लागत नाही. आवडलं, खटकलं, काय आहे तेच कळलं नाही, काहीही चालेल. बाकीच्या वस्तूंना मनातल्या मनात नमस्कार करून सोडून द्या. हे पहिल्यांदा जड जातं, कारण सगळं बघितलं नाही तर फेरी वाया गेली असं वाटतं. पण चाळीस वस्तूंपुढे अर्धा-अर्धा मिनिट घालवून संध्याकाळी काय आठवतं, ते एकदा स्वतःला विचारून बघा.

५. एका वस्तूपाशी थांबणं

हार्वर्डमध्ये कला-इतिहास शिकवणाऱ्या जेनिफर रॉबर्ट्स आपल्या विद्यार्थ्यांना एका चित्रासमोर तीन तास बसायला लावतात. हे ऐकून मुलं पहिल्यांदा हादरतात. रॉबर्ट्स यांनी स्वतः हा प्रयोग जॉन सिंगलटन कॉप्लीच्या १७६५ सालच्या एका चित्रावर केला. टेबलाशी बसलेला मुलगा, त्याच्या हातातली सोन्याची साखळी आणि साखळीला बांधलेली उडती खार असं ते चित्र आहे. मुलाच्या कानाचा आकार खारीच्या पोटावरच्या केसांच्या कडेशी तंतोतंत जुळतो, हे लक्षात यायला त्यांना नऊ मिनिटं लागली. साखळी धरलेल्या बोटांमधलं अंतर आणि खालच्या पाण्याच्या पेल्याचा व्यास एकच आहे, हे दिसायला एकवीस. अनुभवी डोळ्यांना एवढा वेळ लागला, तर आपल्या पहिल्या नजरेला काय दिसलं असेल त्याचा हिशोब करा.

तीन तास नकोत. दहा मिनिटं घ्या आणि घड्याळ लावा. पहिली दोन मिनिटं बरी जातात, मग कंटाळा येतो, साधारण पाचव्या मिनिटाला काहीतरी नवीन दिसू लागतं. त्या कंटाळ्याच्या मिनिटांत काय करायचं, ते वस्तूवर अवलंबून आहे.

चित्र असेल तर आधी लांबून बघा, मग जवळून, मग अगदी बाजूने. बाजूने बघितलं की रंगाचे थर उंचसखल दिसतात, कुठे चाकूने रंग ओढला आहे, कुठे कापड उघडं ठेवलं आहे ते कळतं. कडांकडे बघा. चित्र मागाहून कापलं गेलं असेल तर एखादा हात किंवा झाड विचित्र ठिकाणी संपतं. जुन्या चित्रात एखाद्या आकृतीभोवती पुसट दुसरी रेघ दिसली तर चित्रकाराने मत बदललं होतं.

भांडं असेल तर वाका. खालची कडा बघा, जिथे लुकण, म्हणजे भांड्यावरचा काचेसारखा लेप, थांबतं आणि कच्ची माती दिसते. लुकणाचे ओघळ कुठल्या दिशेने गेले आहेत? भट्टीत भांडं कसं उभं होतं ते त्यावरून कळतं. जोडकाम शोधा. दुरुस्ती करणाऱ्या तंत्रज्ञांत एक जुना दंडक आहे: सहा फुटांवरून जोड दिसू नये, सहा इंचांवरून दिसावा. म्हणजे लांबून वस्तू अखंड वाटावी, पण जवळ येणाऱ्याची फसवणूक होऊ नये. तेव्हा सहा इंचांवर जा. काचेला नाक लावू नका, एवढंच.

शिल्पाभोवती पूर्ण चक्कर मारा. भिंतीला टेकवून ठेवलेलं असेल तर चक्कर मारता येणार नाही, आणि मग प्रश्न पडायला हवा की मुळात ते भिंतीसाठीच घडवलं होतं, की पाठ दाखवण्यासारखी नाही.

चित्र काढता येत नसलं तरी वहीत वस्तू काढा. चित्र वाईटच येणार. पण हँडल किती जाड आहे ते काढायला गेल्याशिवाय आपण बघत नाही.

६. एकाच प्रकारच्या शंभर वस्तू

विद्यापीठाच्या संग्रहालयात एक चमत्कारिक अनुभव हमखास येतो. एका काचपेटीत एकाच प्रकारच्या शंभर वस्तू. शंभर चाव्या, शंभर बाण, शंभर शिंपले. कारण अभ्यासाला एक नमुना पुरत नाही. १८८४ साली स्थापन झालेलं ऑक्सफर्डचं पिट रिव्हर्स संग्रहालय तर सबंध याच तत्त्वावर रचलेलं आहे. तिथे देश किंवा काळ यांवरून मांडणी नाही, वस्तूच्या प्रकारावरून आहे, आणि पेट्या इतक्या खच्चून भरलेल्या की अंधाऱ्या कोपऱ्यांसाठी पाहुण्यांना टॉर्च देत. हाँगकाँग विद्यापीठाच्या संग्रहालयात चीनच्या युआन राजवटीतले, नेस्टोरियन या पूर्वेकडच्या ख्रिस्ती पंथाच्या परंपरेचे ब्राँझचे छोटे क्रूस आहेत, सुमारे हजारभर. हार्वर्डमध्ये लिओपोल्ड आणि रुडॉल्फ ब्लाश्का या बापलेकांनी काचेची बनवलेली फुलं आणि झाडांचे भाग आहेत, चार हजारांहून अधिक. वनस्पतिशास्त्र शिकवायला ताजी फुलं वर्षभर मिळत नव्हती म्हणून ती करून घेतली होती.

अशा पेटीसमोर नवा माणूस गोंधळतो. इथे सगळं बघायचंच नसतं. शेजारशेजारच्या दोन निवडा आणि फरक शोधा. मग तिसरी घ्या: ती पहिलीसारखी आहे की दुसरीसारखी? चार-पाच झाल्या की तुम्ही नकळत वर्गवारी करू लागता, आणि ती वर्गवारी मांडणाऱ्याच्या वर्गवारीशी जुळते का, हे बघण्यात खरी गंमत आहे. जुळली नाही तर त्यांच्याकडे तुम्हाला न दिसणारी माहिती आहे, किंवा त्यांचं चुकलं आहे. दोन्ही शक्य असतं.

७. लेबल

आता लेबल वाचा. आधी बघणं, मग वाचणं. उलटं केलं की डोळे फक्त लेबलात लिहिलेलंच शोधत राहतात.

पहिली ओळ कर्त्याची. इथल्या एकेका शब्दाला वजन आहे. नुसतं नाव असेल तर काम त्याच व्यक्तीचं आहे याची संग्रहालयाला खात्री आहे. ‘अमुक यांचं मानलेलं’ म्हणजे बहुधा त्यांचं, पण छातीठोकपणे सांगता येत नाही. ‘अमुक यांच्या कार्यशाळेतलं’ म्हणजे त्यांच्या देखरेखीखाली, हात शिष्यांचे. ‘अमुक यांच्या वर्तुळातलं’ म्हणजे त्याच काळातलं, त्यांच्या प्रभावाखालच्या कुणा अनामिकाचं. ‘अमुक यांच्या अनुकरणातलं’ म्हणजे कदाचित पुष्कळ नंतरचं. ‘अमुक यांच्यावरून’ म्हणजे सरळ नक्कल. ही उतरंड पाठ झाली की लेबलं वाचताना हळूच हसू येऊ लागतं.

तारखेच्या आधी ‘सुमारे’ असेल तर ती अंदाजाने ठरवली आहे. कशावरून, ते लेबल सांगत नाही. तो तुमचा पहिला प्रश्न. मग माध्यम: रेशमावर शाई, कॅनव्हासवर तैलरंग, मुलामा दिलेलं लाकूड. मापं असतील तर आधी उंची, मग रुंदी, मग खोली. मुद्राचित्राच्या, म्हणजे ठशावरून छापलेल्या चित्राच्या, खाली पेन्सिलीने १२/५० असं काही दिसलं तर पन्नास प्रतींपैकी ही बारावी, इतकाच अर्थ.

सर्वांत खाली एक आकडा असतो, ज्याकडे कुणीही बघत नाही. समजा तो १९८७.१४.३ असा आहे. अनेक संग्रहालयांत याचा अर्थ: वस्तू १९८७ साली आली, त्या वर्षीच्या चौदाव्या नोंदीत आली, आणि त्या नोंदीतल्या वस्तूंपैकी ही तिसरी. म्हणजे पहिली आणि दुसरीही कुठेतरी आहे. हा आकडा वहीत उतरवून घ्या. का, ते पुढे येतं.

८. इथवर कशी आली

आकड्याशेजारी श्रेयओळ असते: देणगी, खरेदी, मृत्युपत्रान्वये, उसनी. चार शब्दांत मोठ्या गोष्टी दडलेल्या असतात. अ‍ॅशमोलियनमध्ये स्ट्रॅडिव्हेरियस या नामांकित इटालियन कारागिराचं १७१६ सालचं एक व्हायोलिन आहे, जवळजवळ नव्यासारखं. देणाऱ्यांनी अट घातली की ते वाजवायचं नाही, भावी व्हायोलिन बनवणाऱ्यांना नमुना म्हणून ठेवायचं. काचेआड ते गप्प का आहे, याचं उत्तर श्रेयओळीमागे आहे.

काही उत्तरं इतकी निरुपद्रवी नसतात. स्कॉटलंडमधल्या अ‍ॅबर्डीन विद्यापीठाच्या संग्रहात बेनिनच्या (आजच्या नायजेरियातल्या जुन्या राज्याच्या) राजाचं एक ब्राँझचं मस्तक होतं. श्रेयाच्या भाषेत बोलायचं तर १९५७ साली लिलावात खरेदी केलेलं, सगळं कायदेशीर. पण १८९७ साली ब्रिटिश सैन्याने बेनिन शहर लुटलं, त्या लुटीतलं ते होतं. २०२१ साली विद्यापीठाने ते नायजेरियाकडे परत केलं. त्याच्या आदल्या वर्षी पिट रिव्हर्सने आपल्याकडची आकुंचित केलेली मानवी मस्तकं प्रदर्शनातून काढली, जी कितीतरी वर्षं तिथलं मुख्य आकर्षण होती.

तेव्हा पाहताना विचारायचं: ही वस्तू ज्यांची होती त्यांच्या हातून ती सुटली कशी? लेबलावर १८९७ च्या आधीचा आणि १९५७ च्या नंतरचाच उल्लेख असेल, मधली साठ वर्षं गायब असतील, तर ती गायब वर्षंच बघण्यासारखी असतात. चांगली विद्यापीठीय संग्रहालयं आता हे लपवत नाहीत. उलट त्यावरच प्रदर्शन लावतात.

९. तिथल्या माणसांशी बोला

दालनातल्या सुरक्षारक्षकाशी बोलायला लोक बिचकतात. वास्तविक रोज आठ तास त्या वस्तूंबरोबर राहणारा तोच एक असतो. ‘लोक सर्वांत जास्त वेळ कुठे थांबतात?’ हा प्रश्न विचारून बघा. मला एकदा या प्रश्नावर कोपऱ्यातल्या एका साध्या मातीच्या दिव्याकडे बोट दाखवलं गेलं. दिव्यावर कुंभाराच्या अंगठ्याचा ठसा होता, जो लेबलात नव्हता.

मार्गदर्शन करणारे बरेचदा विद्यार्थीच असतात. पाठ केलेलं बोलत असतील तर मध्येच अडवायला हरकत नाही. ‘यातलं तुम्हाला स्वतःला काय पटत नाही?’ असं विचारलं की त्यांचा चेहरा खुलतो. क्युरेटरसोबतची फेरी ठेवली असेल तर चुकवू नका, आणि ती दुसऱ्या भेटीसाठी ठेवा. आधी स्वतः बघून झालेलं असलं की तिथे प्रश्न विचारता येतात.

१०. कोठारातलं बघायचं असेल तर

प्रदर्शनात असतो तो संग्रहाचा छोटासा भाग. उरलेलं कपाटांत, खणांत, पेट्यांत. आणि ते मागणी करून बघता येतं, हे नवख्यांना कुणी सांगतच नाही. अनेक विद्यापीठीय संग्रहालयांत अभ्यासकक्ष असतो, आणि त्यासाठी संशोधक असण्याची अट दर ठिकाणी नसते. अ‍ॅशमोलियनच्या चित्रकक्षात राफाएल आणि मायकेलअँजेलो यांची मूळ रेखाटनं वेळ ठरवून बघता येतात.

कोठारात काय निघेल याचा नेम नसतो. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजच्या पेट्री संग्रहालयात इजिप्तमधल्या तारखान इथे १९१३ च्या सुमारास खणून काढलेल्या मळक्या कापडांचं एक गाठोडं होतं. १९७७ साली ते स्वच्छ करायला पाठवलं तेव्हा त्यातून चुण्या घातलेल्या बाह्यांचा एक अंगरखा निघाला. पुढे कार्बन चाचणीत तो पाच हजार वर्षांहून जुना ठरला, विणलेल्या कापडाचा आजवर ज्ञात असलेला सर्वांत जुना शिवलेला पोशाख. साठेक वर्षं तो संग्रहातच होता, चिंध्यांमध्ये.

मागणीसाठी ईमेल पुरतो. वहीत उतरवलेला तो आकडा इथे कामाला येतो, कारण ‘ते निळं चित्र’ म्हटलं तर कुणालाच काही सापडत नाही. साधारण असं लिहा:

‘मी संशोधक नाही, जुन्या मुद्राचित्रांची आवड आहे. सध्याच्या प्रदर्शनात आपल्या संग्रहातलं १९८७.१४.३ हे चित्र पाहिलं. त्याच नोंदीतली १९८७.१४.१ आणि १९८७.१४.२ ही चित्रं बघता येतील का? तिन्हींतल्या रेषा एकाच हाताच्या आहेत का, ते पाहायचं आहे. पुढच्या महिन्यात कुठल्याही मंगळवारी किंवा बुधवारी येऊ शकेन.’

काय बघायचं, का, आणि कधी, एवढं आलं की झालं. तीन-चार आठवडे आधी लिहा. दोन-तीनच वस्तू मागा, वीस नकोत. प्रत्येक वस्तू कुणीतरी कोठारातून काढून, तपासून, नोंद करून आणणार असतं.

गेल्यावर हात धुवायला सांगतील. कागद बहुतेक ठिकाणी स्वच्छ कोरड्या हातांनीच हाताळतात, कारण हातमोज्यांत बोटांना अंदाज राहत नाही आणि कागद फाटतो. छायाचित्रं आणि धातूच्या वस्तूंना मात्र मोजे लागतात. स्वतः उचलायचं नाही, तिथल्या माणसाला सांगायचं. अंगठी, घड्याळ, गळ्यात लोंबणारं ओळखपत्र काढून ठेवा.

चित्र समोर आलं, काच नाही, दोरी नाही, हातभर अंतरावर. मन भरेपर्यंत बघा. आणि उठण्याआधी ‘मागची बाजू दाखवाल का?’ असं जरूर विचारा. जुन्या मालकांचे शिक्के, लिलावाच्या चिठ्ठ्या, चौकट करणाऱ्याची पाटी, कुणीतरी पेन्सिलीने लिहून मग खोडलेलं दुसऱ्याच चित्रकाराचं नाव, हे सगळं तिथे असतं.